प्राथमिक शाळेत रोबोटिक्स क्लब : किट नसताना सुरुवात कशी करावी?



रोबोटिक्स, कोडिंग, स्टेम हे शब्द आता गावोगावी पोचलेत. जून जवळ आला की शाळांच्या प्रवेशाच्या फ्लेक्सवर रोबोट दिसायला लागतो. मग पालकसभेत कुणीतरी विचारतं, "बाई, आपल्याकडं रोबोटिक्स कधी सुरू होणार?" आणि आपलं उत्तर ठरलेलं असतं, "निधी आला की बघू."

निधीची अडचण खरी आहे. केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळते, तिला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान असतं. पण ती योजना सहावी ते बारावीच्या वर्गांसाठी आहे. पहिली ते पाचवीच्या शाळा त्यात बसतच नाहीत. म्हणजे ज्या वयात मूल खेळणं आणल्याबरोबर उघडून बघतं, त्या वयासाठी अशी प्रयोगशाळा नाही. आणि ती मिळेपर्यंत "उघडू नको, मोडशील" हे ऐकून ऐकून मुलाचा हात आखडलेला असतो.

म्हणून या लेखात मला एवढंच मांडायचं आहे : लहान मुलांच्या रोबोटिक्स क्लबला किट सगळ्यात शेवटी लागतं. आधी तीन गोष्टी लागतात. आठवड्यातली एक ठरलेली वेळ, बिघडलेल्या वस्तूंचं एक खोकं आणि प्रत्येक मुलाच्या हातात साहित्य जाईल याची व्यवस्था. पहिल्या दोन सोप्या आहेत. तिसरीकडं लक्ष दिलं नाही तर किट असो वा नसो, चार मुलं करतात आणि वीस मुलं बघतात.

रोबोट म्हणजे काय, हे मुलांना कसं सांगावं?

मुलांना रोबोटचं चित्र काढायला सांगा. बहुतेक जण पत्र्याचा माणूस काढतील. डोळ्यांच्या जागी दिवे, डोक्यावर अँटेना. ते चित्र पुसायला सांगू नका. त्यावरून गप्पा सुरू करा.

'रोबोट' हा शब्द चेक भाषेतला आहे. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या 'आर.यू.आर.' या नाटकातून तो जगभर गेला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे सक्तीची मजुरी, आपल्याकडची वेठबिगारी. हा शब्द चापेकला त्याच्या भावानं, योसेफनं सुचवला. मुलांना ही गोष्ट फार आवडते. "म्हणजे रोबोट सांगेल तेवढंच काम करतो," हे त्यांचं त्यांनाच सुचतं.

त्यानंतर फळ्यावर तीन शब्द लिहावेत : ओळखणे – ठरवणे – करणे. जे यंत्र आजूबाजूचा बदल ओळखतं, काय करायचं ते दिलेल्या नियमानं ठरवतं आणि तसं काम करतं, त्याला आपण रोबोटचा भाऊबंद म्हणू. मग उदाहरणं शोधायची.

शेतातल्या मोटरला लावलेला 'ऑटो' शेतकऱ्याच्या मुलांना चांगला माहीत असतो. लाईट आली हे तो ओळखतो, थोडा वेळ थांबतो आणि मोटर चालू करतो. म्हणजे रात्री-अपरात्री बाबांना बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागत नाही. अंधार पडला की आपोआप लागणारा सौर पथदिवा हे दुसरं उदाहरण. वर्गातला पंखा मात्र रोबोट नाही, कारण थंडी वाजली तरी तो फिरतच राहतो.

आता एक अवघड प्रश्न टाका : कुकरची शिट्टी रोबोट आहे का? उत्तर सांगू नका, मुलांना भांडू द्या. "वाफ जास्त झाली की ती उचलते, म्हणजे ओळखते" आणि "ती कुठं ठरवते? वाफ ढकलते म्हणून उडते" असे दोन पक्ष पडले की पहिला तास सफल झाला असं समजावं.

क्लबची रचना

*नाव :* क्लबला मुलांनाच नाव ठेवू द्यावं. आमच्याकडं 'खटपट क्लब' हे नाव पडलं आणि वहीला 'खटपट वही'. नावात 'रोबोटिक्स' नसल्यानं काही बिघडत नाही.

*मुलं :* तिसरी ते पाचवी. द्विशिक्षकी शाळा असेल तर सगळीच मुलं घ्या, मोठ्यांच्या गटात लहान बसतात. निवड परीक्षा अजिबात नको. हुशार मुलांचा क्लब काढला की आपण निम्मा वर्ग आधीच बाहेर बसवतो. वाचनात मागं असलेली मुलं हातानं मागं असतातच असं नाही. चौथीतल्या एका मुलाला परिच्छेद वाचताना घाम फुटायचा. त्याचे वडील मोटर रिवायंडिंगचं काम करतात. जुन्या मोटरची तांब्याची तार जोडूनही दिवा लागत नव्हता, तेव्हा त्यानं पुढं होऊन सांगितलं, "हिच्यावर वार्निश असतंय, आधी पॉलिश पेपरनं घासा." तारेवरचा तो थर वीज अडवतो हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी खटपट वहीत त्यानं स्वतःहून चार ओळी लिहिल्या. त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण ओळी त्याच्या होत्या.

*वेळ :* आठवड्यातून एकदा, ७० ते ८० मिनिटं. 'आनंददायी शनिवार' यासाठी उत्तम. रोज पंधरा मिनिटं देण्यापेक्षा एकदाच सलग वेळ द्यावा, कारण जोडणं, बिघडणं आणि पुन्हा जोडणं याला वेळ लागतो.

*गट :* चार-चार मुलांचे गट. प्रत्येक गटात चार कामं : साहित्य सांभाळणे, जोडणे, तपासणे, नोंद करणे. दर शनिवारी कामं बदलायची. त्याचा तक्ता भिंतीवर लावायचा आणि त्यात मध्येच अदलाबदल करायची नाही. याचं कारण पुढं येईल.

साहित्य आणि खर्च

पहिलं साहित्य फुकट मिळतं. खोक्यावर 'बिघडलेलं द्या' असं लिहून ते शाळेच्या दारात ठेवा. बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ, सेलवरची खेळणी, टॉर्च, पेन, बाटल्यांची झाकणं, कुल्फीच्या काड्या, सायकलची वॉल्व्ह ट्यूब, जुनी स्लीपर, पुठ्ठे. पंधरा दिवसांत खोकं भरतं. भंगारवाल्या दादांशी ओळख ठेवली तर मोटरी आणि स्क्रूसुद्धा मिळतात.

विकत आणायच्या वस्तू २४ मुलांच्या म्हणजे सहा गटांच्या हिशोबानं देते. किमती अंदाजे आहेत, गावाप्रमाणे कमी-जास्त होतील.

- खेळण्यातल्या ३ व्होल्टच्या मोटरी ६ – १५० रु.
- पेन्सिल सेल २४ – २९० रु.
- दोन सेल बसतील असे होल्डर ६ – ९० रु.
- ३ व्होल्टवर वाजणारे बझर ६ – १२० रु.
- पांढरे एलईडी २० – ४० रु.
- बारीक वायर १० मीटर – ६० रु.
- सुई नसलेल्या नव्या सिरिंज १२ – १०० रु.
- मत्स्यपेटीत वापरतात ती बारीक नळी ३ मीटर – ६० रु.
- चिकटपट्टी, रबरबँड, अ‍ॅल्युमिनियम फॉईल – १०० रु.

एकूण साधारण हजार रुपये. मोटर, होल्डर, बझर, सिरिंज पुढच्या वर्षीही चालतात. एवढी रक्कम शाळा व्यवस्थापन समितीसमोर मांडायला अवघड जात नाही.

टाकाऊपासून विज्ञान शिकवण्याची मोठी परंपरा आपल्या जवळच आहे. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलची वॉल्व्ह ट्यूब जोडून भूमितीच्या आकृत्या करायला मुलांना शिकवलं. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांच्या कृती आणि छोट्या फिल्म इंटरनेटवर मोफत आहेत, मराठीतूनही आहेत. नव्या शिक्षकानं आधी त्या बघाव्यात.

बारा शनिवारांचा आराखडा

१. *उघडून बघू या :* बंद घड्याळ, टॉर्च, पेन उघडणे. निघालेले भाग क्रमानं कागदावर मांडणे आणि परत जोडणे.
२. *घरातली यंत्रं :* कात्री, अडकित्ता, चिमटा. टेकू कुठं, जोर कुठं, वजन कुठं हे बोटानं दाखवणे.
३. *कागदाचा पूल :* दोन पुस्तकांवर एक कागद, त्यावर नाणी. सपाट कागद लगेच वाकतो, पंख्यासारख्या घड्या घातलेला कितीतरी जास्त नाणी पेलतो.
४–५. *रबरबँडची गाडी :* झाकणांची चाकं, झाडूच्या काडीचा आस, स्ट्रॉचं बेअरिंग. पहिल्या शनिवारी बनवणे, दुसऱ्या शनिवारी सुधारणे.
६. *मानवी रोबोट :* सूचना देणे आणि चूक शोधणे.
७. *दिवा आणि बटण :* सेल, एलईडी आणि फॉईलचं बटण.
८. *रांगोळी रोबोट.*
९–१०. *सिरिंजचा जेसीबी.*
११. *टाकी भरली, घंटा वाजली.*
१२. *दाखवू या :* पालकांसमोर सादरीकरण.

चौथा-पाचवा आणि नववा-दहावा शनिवार मुद्दाम जोडून दिलेले आहेत. पहिल्यांदा बनवलेली गाडी बहुधा वाकडी जाते, कारण झाकणाला भोक मधोमध पडलेलं नसतं. ती गाडी घरी नेऊन विषय संपवला तर हस्तकलेचा तास झाला. पुढच्या शनिवारी तीच गाडी समोर ठेवून "वाकडी का जाते?" असं विचारलं की अभियांत्रिकी सुरू होते.

आता यातल्या तीन पाठांबद्दल सविस्तर लिहिते.

पाठ १ : मानवी रोबोट

साहित्य : खडू, डस्टर, कागद. अंगणात पाच बाय पाच चौकटी आखा. एका कोपऱ्यात 'रोबोट' मुलगा किंवा मुलगी, दुसऱ्या कोपऱ्यात डस्टर. वाटेत दोन-तीन दप्तरं अडथळा म्हणून ठेवा. गटानं कागदावर सूचना लिहायच्या. फक्त पाच सूचना चालतील : एक घर पुढे जा, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, उचल, ठेव. रोबोटनं स्वतःचं डोकं चालवायचं नाही, समोर दप्तर दिसलं तरी सांगितलं असेल तर जाऊन अडकायचं.

पहिल्याच फेरीत गोंधळ होतो आणि तो व्हायलाच हवा. मुलांनी "डावीकडे" लिहिलेलं असतं. रोबोट नुसता वळतो, पुढं जात नाही. गट ओरडतो, "अरे जा ना!" तेव्हा थांबवून विचारा, "कागदावर 'जा' लिहिलंय का?" दुसरा गोंधळ उजव्या-डाव्याचा. सूचना लिहिणारा रोबोटच्या समोर तोंड करून बसलेला असतो, त्यामुळं त्याचं डावं ते रोबोटचं उजवं होतं. मग मुलं उठून रोबोटच्या मागं जाऊन उभी राहतात. कुणी सांगावं लागत नाही.

नियम एकच ठेवा : चुकलं म्हणून कागद फाडायचा नाही. पहिल्यांदा कुठल्या ओळीला चुकलं ती ओळ शोधायची, तिच्याभोवती गोल करायचा, तेवढीच दुरुस्त करायची आणि पुन्हा पहिल्यापासून चालवायचं. संगणकाचा प्रोग्राम लिहिणारे लोक दिवसभर हेच करतात. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा तयार केली. त्यात पुढं एक कासव आलं. त्या कासवाला पुढे जा, वळ अशाच सूचना द्यायच्या असत. कासव कुठं वळेल हे कळेना झालं की मुलानं स्वतः कासव होऊन चालून बघावं, असं पॅपर्ट सांगत. आपण अंगणात तेच करतो, संगणकाशिवाय.

पाठ २ : रांगोळी रोबोट

साहित्य : कागदी कप, तीन स्केचपेन, मोटर, दोन सेल व होल्डर, खोडरबराचा तुकडा, चिकटपट्टी.

कप उपडा ठेवा. तीन स्केचपेन टोकं खाली करून पायांसारखे चिकटवा. मोटर आणि सेलचा होल्डर कपावर घट्ट बसवा. मोटरच्या दांड्यावर खोडरबराचा तुकडा खोचा, पण मधोमध नाही, एका बाजूला जास्त येईल असा. वायर जोडली की रोबोट थरथरत कागदावर गोल गोल रेघा काढतो. या क्षणी वर्गात जो आरडाओरडा होतो, त्याची शेजारच्या वर्गाला आधी कल्पना देऊन ठेवावी.

आरडाओरडा ओसरला की प्रश्न विचारा. खोडरबर काढला तर काय होईल? मधोमध लावला तर? सेल उलटे घातले तर? प्रत्येक प्रश्नाला आधी अंदाज वहीत लिहायचा, मग करून बघायचं. खोडरबर काढला की थरथर जवळजवळ थांबते. म्हणजे रोबोट हलतो तो वजन एका बाजूला असल्यामुळं. सेल उलटे घातले की मोटर उलटी फिरते. व्हायब्रेट होणाऱ्या साध्या मोबाईलमध्येही अशीच एकीकडं वजन असलेली छोटी मोटर असते, हे सांगितलं की मुलं घरी जाऊन आईचा फोन कानाला लावून बसतात.

शेवटी एक प्रामाणिक प्रश्नही विचारावा : हा खरंच रोबोट आहे का? आपल्या तीन शब्दांपैकी यात 'करणे' आहे, 'ओळखणे' नाही. नाव रोबोट असलं म्हणून यंत्र रोबोट होत नाही. मुलांना हे पटलं की पुढचा पाठ घ्यायला ती तयार झाली.

पाठ ३ : टाकी भरली, घंटा वाजली

या पाठात पहिल्यांदाच यंत्र स्वतः काहीतरी ओळखतं. शिवाय प्रश्न मुलांच्या घरचा आहे. नळाला पाणी येतं, टाकी भरते, कुणाचं लक्ष नसतं आणि पाणी अंगणात वाहतं.

साहित्य : मोठ्या तोंडाची प्लास्टिकची बरणी, थर्मोकोलची चकती, फॉईल, बझर, दोन सेल, वायर.

चकती बरणीच्या आतल्या मापापेक्षा किंचित लहान कापा. तिच्या वरच्या बाजूला फॉईल गुंडाळा. बरणीच्या झाकणातून दोन वायरींची सोललेली टोकं आत सोडा. ती एकमेकांपासून एक सेंटीमीटर दूर आणि एकाच उंचीवर असावीत. सेलची अधिक बाजू बझरच्या लाल वायरीला, बझरची काळी वायर झाकणातल्या एका टोकाला, दुसरं टोक सेलच्या वजा बाजूला. झाकणाला पाणी ओतण्यासाठी भोक ठेवा. पाणी ओतत गेलं की चकती वर येते, फॉईल दोन्ही टोकांना टेकते, वाट पूर्ण होते आणि बझर वाजतो.

सहा गटांपैकी दोन-तीन गटांचा बझर पहिल्यांदा वाजत नाही. आपण जाऊन दुरुस्त करायचं नाही. फळ्यावर तपासणीची यादी लिहून ठेवा : सेल संपलेत का? बझर उलटा जोडलाय का? वायर पूर्ण सोललीय का? दोन्ही टोकं एका उंचीवर आहेत का? चकती तिरकी होते का? वर चढताना फॉईल फाटलीय का? मुलांनी यादीतली एकेक गोष्ट तपासायची. आपले हात मागं बांधून उभं राहणं हे या पाठातलं शिक्षकाचं सगळ्यात अवघड काम आहे.

पुढची चर्चा त्याहून मोलाची आहे. बझर कुठं लावायचा? बहुतेक गट टाकीजवळ म्हणतात. मग एखादी मुलगी विचारते, "टाकी गच्चीवर, आई स्वयंपाकघरात, ऐकू कसं येणार?" म्हणजे वायर लांब लागणार, बझर माणसाजवळ हवा. आणखी एक प्रश्न : माणसाला न बोलावता यंत्रानंच पाणी बंद केलं तर? फ्लशच्या टाकीत किंवा घरावरच्या टाकीत तरंगणारा बॉल असतो, तो वर आला की पाणी बंद होतं. त्याला ना सेल लागतो ना वायर. मुलांनी तो जाऊन बघावा आणि आपल्या यंत्राशी तुलना करावी. नेहमी वीज वापरणारंच यंत्र भारी असतं असं नाही, हे त्यांना इथं कळतं.

स्क्रूड्रायव्हर कुणाच्या हातात?

आता मगाशी सोडून दिलेल्या मुद्द्याकडं येते. मुलांना गटात मोकळं सोडलं तर दहा मिनिटांत एक ठरावीक चित्र दिसतं. धीट मुलगा मोटर हातात घेतो. त्याचा मित्र वायर धरतो. एक मुलगी सुंदर अक्षरात नोंद करते आणि दुसरी यंत्राला रंगीत कागद चिकटवते. कुणी भांडत नाही, काम पूर्ण होतं, फोटोही छान येतो. पण वर्षाअखेरीस त्या मुलीनं एकदाही स्क्रू फिरवलेला नसतो. पुढं आठवीत ती म्हणते, "मला मशीनमधलं कळत नाही." तिला कळत नाही हे आपणच तिला शिकवलेलं असतं.

म्हणून कामांचा तक्ता भिंतीवर हवा आणि तो पाळला जायला हवा. आणखी तीन गोष्टी उपयोगी पडतात.

- तास चालू असताना दहा मिनिटं काही न बोलता फिरा आणि कुणाच्या हातात साहित्य आहे त्या नावापुढं खूण करा. महिन्यानं त्या खुणा बघा. काही सांगायची गरज राहत नाही.
- "मुलींनो, तुम्ही सजावट करा" हे वाक्य क्लबमध्ये बंद. सजावट करायची तर सगळ्यांनी.
- गावातल्या कारागिरांना बोलवा आणि त्यात बायका असू द्या. शिवणकाम करणाऱ्या एखाद्या आईला पायमशीन घेऊन यायला सांगा. खालचं मोठं चाक एकदा फिरलं की पट्ट्यामुळं वरचं छोटं चाक कितीदा फिरतं, हे मुलांना मोजू द्या. दोरा तुटला, पट्टा सैल झाला तर त्या कशा दुरुस्त करतात ते दाखवायला सांगा. पुस्तकात चित्र असलेल्या इंजिनिअरपेक्षा वर्गातल्या कुणाची तरी आई जास्त पटते.

हीच गोष्ट पालकांबाबत. बाराव्या शनिवारच्या आधी काही वडील हौसेनं घरी यंत्र बनवून देतात. त्यांचा उत्साह मोडू नये, पण नियम आधीच कळवावा : क्लबचं यंत्र शाळेतच राहील. घरी हवं तर दुसरं बनवा आणि मुलाला बनवू द्या.

सुरक्षिततेचे नियम

- फक्त पेन्सिल सेल. घरातली २३० व्होल्टची वीज क्लबमध्ये कुठल्याही कारणानं वापरायची नाही.
- पिनवर चालणारी उपकरणं, विशेषतः जुने टीव्ही, उघडायला घेऊ नयेत. बंद असले तरी त्यांच्या आत वीज साठलेली असू शकते.
- मोबाईल आणि पॉवर बँकच्या बॅटऱ्या आणायच्या नाहीत. त्या दाबल्या किंवा टोचल्या गेल्या तर पेट घेऊ शकतात.
- बटणासारखे चपटे सेल नकोत. लहान मुलानं ते गिळले तर अन्ननलिकेला गंभीर इजा होते. जुन्या खेळण्यातून असा सेल निघाला तर लगेच शिक्षकाकडे द्यायचा. कुणी गिळल्याची शंका आली तरी वाट न बघता दवाखान्यात न्यायचं.
- सेलची दोन टोकं नुसत्या वायरीनं जोडायची नाहीत, वायर तापते.
- कटर आणि ग्लूगन शिक्षकाच्याच हातात. सिरिंज मेडिकलमधून नव्या घ्यायच्या, वापरलेल्या कधीही नाहीत.

मूल्यमापन कसं करावं?

यंत्र चाललं की नाही यावर गुण देऊ नयेत. तसं केलं की मुलं सोपंच यंत्र निवडतात किंवा दुसऱ्याचं बघून करतात. खटपट वहीत चार वाक्यं पूर्ण करायला द्यावीत :

आज मी ______ बनवलं.
ते आधी चाललं नाही कारण ______.
मग मी ______ बदललं.
पुढच्या वेळी मी ______ करून बघेन.

दुसरं आणि तिसरं वाक्य महत्त्वाचं. ज्या मुलाला लिहिता येत नाही त्यानं चित्र काढून बाण दाखवावेत किंवा तोंडी सांगावं, आपण लिहून घ्यावं. ही वही भाषेच्या तासालाही चालते. गाडी किती गेली हे मोजताना मीटर-सेंटीमीटर होतात, पुलावरची नाणी मांडताना तक्ता आणि आलेख होतो. क्लब म्हणजे अभ्यासक्रमाच्या बाहेरचं ओझं नाही, हे केंद्रप्रमुखांना दाखवायला ही वही पुरते.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

*यानं मार्क वाढतील का?* लगेच वाढतील असं मी सांगणार नाही. पण "चुकलं" म्हटल्यावर रडणारं किंवा वही मिटणारं मूल "कुठं चुकलं ते बघते" असं म्हणायला लागलं, तर त्याचा उपयोग गणितातही होतो.

*मोबाईलवरचं कोडिंग शिकवू का?* घाई नको. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी 'स्क्रॅच ज्युनिअर' आणि आठ वर्षांपुढच्यांसाठी 'स्क्रॅच' हे दोन्ही मोफत आहेत. 'स्क्रॅच' अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत तयार झालं आणि २००७ साली खुलं झालं. त्यासाठी महागडा क्लास लावण्याची गरज नाही. मात्र आधी अंगणातला मानवी रोबोट झालेला असेल तर स्क्रीनवरच्या सूचना मुलाला लवकर समजतात.

*मग किट कधी घ्यायचं?* तीन गोष्टी दिसल्या की घ्या. मुलं बिघाड स्वतः शोधतात. गटातलं प्रत्येक मूल दिवा-बटणाची जोडणी एकट्यानं करतं. आणि मुलं असं काहीतरी मागतात जे आपल्या खोक्यातून होत नाही, उदाहरणार्थ "अंधार पडला की आपोआप लागेल आणि उजाडलं की विझेल असा दिवा करायचाय." तेव्हा मायक्रोबिट किंवा आर्डुइनोसारखा एखादा बोर्ड चार मुलांत एक असा घ्यावा. देणगीदार एकदम मोठं किट देत असतील तर जरूर घ्या, पण एक विनंती करा : त्यातले सुटे भाग हरवले-मोडले तर चालेल असं लिहून द्या. नाहीतर हिशोबाच्या भीतीनं किट कपाटात जातं आणि वर्षातून एकदा, पाहुणे आले की बाहेर येतं.

सुरुवात करण्यापूर्वी

बारा पाठ वाचून दडपण येऊ देऊ नका. येत्या सोमवारी दारात खोकं ठेवा. परिपाठात मुलांना सांगा की बिघडलेली वस्तू टाकून देऊ नका, शाळेत आणा. शनिवारी चार स्क्रूड्रायव्हर, सहा बंद घड्याळं आणि जुनं वर्तमानपत्र एवढं पुरे. आपल्याला घड्याळातलं सगळं समजलं पाहिजे अशी अट नाही. "मलाही माहीत नाही, उघडून बघू या" हे वाक्य बाईंच्या किंवा गुरुजींच्या तोंडून ऐकणं हा मुलांसाठी मोठा पाठ असतो.

फक्त पहिला स्क्रू कोण काढणार, हे आधी ठरवून ठेवा. जे मूल कधीच पुढं येत नाही, त्याला तो मान द्या.

आपल्या शाळेत हा उपक्रम करून पाहा आणि काय चाललं, काय बिघडलं ते जरूर कळवा.